पॅशनफ्रूटचा वेल फुलतो, मग फळ का धरत नाही?

नाशिकमध्ये बंगल्याच्या गेटवर कृष्णकमळ चढवायची पद्धत जुनी आहे. अलीकडे त्याच्या जोडीला पॅशनफ्रूटचा वेलही दिसायला लागलाय. गंगापूर रोडच्या गच्च्यांवर, मखमलाबादकडच्या फार्महाऊसच्या कमानींवर, दिंडोरीकडे एखाद्या हौशी द्राक्षबागायतदाराच्या बांधावर. वेल जोमदार असतो, वर्षभरात जाळी झाकून टाकतो, फुलं येतात आणि मग तक्रार सुरू होते: फुलं ढीगभर, फळ मात्र औषधालासुद्धा नाही.

नर्सरीत विचारायला गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं. "काका, तुमचा वेल नर निघाला. जोडीला मादी लावा." हे उत्तर खरं तर पपईचं आहे. पपईत नर झाड आणि मादी झाड वेगळं निघू शकतं. पॅशनफ्रूटच्या प्रत्येक फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही, त्यामुळे वेल नर किंवा मादी असण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही 'जोडीला दुसरा वेल लावा' हा सल्ला बरेचदा लागू पडतो. कारण चुकीचं, उपाय बरोबर, असा हा प्रकार. तो बरोबर का ठरतो, ते फूल नीट पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्याआधी थोडी कुळाची ओळख. पॅसिफ्लोरा या वंशात पाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या. आपल्याकडे कृष्णकमळ म्हणून जे विकलं जातं ते एकच झाड नसतं. निळ्या-जांभळ्या फुलांचे दोन-चार प्रकार, त्यांचे संकर आणि लाल फुलांच्या वेगळ्या जाती, सगळ्यांना तेच नाव. ही मंडळी फुलासाठी लावायची. त्यांच्याकडून फळाची अपेक्षा धरू नये. बाजारात मिळणारं पॅशनफ्रूट येतं पॅसिफ्लोरा एड्युलिस या जातीपासून. तिचे दोन प्रकार आहेत. जांभळं फळ लिंबाएवढं, जास्त सुगंधी, थंड हवेचं. मूळ दक्षिण ब्राझीलपासून पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या पट्ट्यातलं. पिवळं फळ आकाराने मोठं, चवीला जास्त आंबट आणि उष्ण हवेत टिकणारं. भारतात हे पीक मुख्यतः निलगिरी, वायनाड, कोडगू आणि ईशान्येकडच्या मणिपूर, नागालँड, मिझोराम या राज्यांत घेतलं जातं. कोडगूतल्या चेट्टळ्ळी इथल्या संशोधन केंद्रात जांभळ्या आणि पिवळ्याचा संकर करून 'कावेरी' नावाचं वाण तयार झालं. आपल्याकडच्या रोपवाटिकांत येणारी रोपं यांपैकी कुठली, हे विकणाऱ्यालाही दरवेळी माहीत असतंच असं नाही.

पाच पांडव, तीन देव आणि एक भुंगा

कृष्णकमळाचं फूल हातात घेऊन आजीने ऐकवलेली गोष्ट अनेकांना आठवत असेल. बाहेरचे जांभळे-पांढरे तंतू म्हणजे शंभर कौरव, त्यांच्यावरचे पाच म्हणजे पांडव, सगळ्यांच्या वर ब्रह्मा-विष्णू-महेश. मधल्या हिरव्या गोळ्याला कुणी द्रौपदी म्हणतं, कुणी श्रीकृष्ण. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रचारकांनी याच फुलात येशूचा वधस्तंभ पाहिला होता. तंतूंचा काटेरी मुकुट, पाच जखमा, तीन खिळे. फळाच्या नावातलं 'पॅशन', म्हणजे येशूच्या यातना, तिथूनच आलं. आपली महाभारताची गोष्टही फार प्राचीन नसणार, कारण बागांतली ही कृष्णकमळं मुळात अमेरिकेतली. पेरू, सीताफळ आणि मिरचीसारखी तीही युरोपीय जहाजांचा मार्ग खुला झाल्यानंतरच आपल्याकडे पोचली.

पण आजीची गोष्ट वनस्पतिशास्त्राला चांगली उपयोगी पडते. पाच पांडव म्हणजे पाच पुंकेसर, पराग तयार करणारे. त्यांचे परागकोश खाली तोंड करून लटकलेले असतात. हिरवा गोळा म्हणजे अंडाशय, पुढे त्याचंच फळ होतं. वरचे तीन देव म्हणजे तीन कुक्षी, जिथे पराग येऊन पडला पाहिजे. हा सगळा सरंजाम एका उभ्या दांड्यावर, पाकळ्यांपासून बोटभर उंच उचललेला असतो. शंभर कौरवांच्या खाली, फुलाच्या तळाशी एका पातळ पडद्याआड मध असतो. म्हणजे मध तळाला, पराग वर, आणि मध्ये जागा सोडलेली. ही जागा कुणासाठी?

काळ्या भुंग्यासाठी. वाळक्या लाकडात आणि बांबूत भोकं पाडून राहणारा, उडताना मोठा आवाज करणारा, अंगठ्याच्या पेराएवढा भुंगा. तो तंतूंच्या चकतीवर उतरतो, पडदा बाजूला सारून मध प्यायला लागतो आणि मधाच्या पाठी गोल गोल फिरतो. फिरताना त्याची पाठ वरच्या परागकोशांना घासते आणि पिवळी होते. पुढच्या फुलावर तीच पाठ कुक्षीला लागते. मधमाशीला हे जमत नाही. ती लहान पडते; दांड्याखालून आरामात ये-जा करते, मध नेते, परागकोशावर चढून परागही नेते, पण कुक्षीला क्वचितच शिवते. कांद्याच्या बियाण्यासाठी डोंगळे लावणारे नाशिकचे शेतकरी शेतात मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात, तो उपाय तिथे उत्तम आहे. पॅशनफ्रूटच्या वेलाजवळ त्याच पेट्या ठेवल्या तर पराग लुटायला जास्त गिऱ्हाइकं आणली, एवढंच होतं.

आता फुलाचं वेळापत्रक बघू. फूल एकच दिवस टिकतं. जांभळ्या प्रकाराचं पहाटे-सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं. पिवळ्याचं दुपारी बाराच्या सुमारास उमलतं आणि रात्री नऊ-दहापर्यंत मिटतं. उमलल्याबरोबर तिन्ही कुक्षी आकाशाकडे उभ्या असतात, भुंग्याच्या पाठीपासून कितीतरी वर. पुढच्या तासाभरात त्या हळूहळू बाहेरच्या बाजूला वाकत खाली येतात आणि परागकोशांच्या पातळीला येऊन थांबतात. दुपारी खुर्ची टाकून एका फुलासमोर बसलं तर हे वाकणं डोळ्यांनी टिपता येतं. दर दहा मिनिटांनी फोटो काढला तर अगदी स्पष्ट. काही फुलांच्या कुक्षी मात्र वाकतच नाहीत, शेवटपर्यंत ताठ उभ्या राहतात. अशा फुलाला फळ धरत नाही, पण त्याचा पराग चांगला असतो आणि दुसऱ्या फुलाला चालतो. नर्सरीवाल्याचं 'नर' कुठे थोडंफार खरं ठरत असेल तर या एका-एका फुलापुरतं. अख्ख्या वेलापुरतं नाही.

आता मुख्य अडचण. पिवळ्या प्रकाराचं फूल स्वतःचा पराग ओळखतं आणि नाकारतं. स्वतःचा म्हणजे फक्त त्याच फुलाचा नव्हे, त्याच वेलावरच्या कुठल्याही फुलाचा. कुक्षीवर पडलेल्या परागाला एक नळी फुटून ती अंडाशयापर्यंत जावी लागते. पराग घरचाच असेल तर ही नळी वाटेतच थांबवली जाते. निसर्गाने जवळच्या नात्यातलं लग्न टाळायची केलेली ही सोय. आपला-परका ओळखणारी जनुकं अख्ख्या वेलात सारखीच असतात, म्हणून एकाच वेलाच्या फांद्या लावून दहा रोपं केली आणि ती दहा ठिकाणी लावली, तरी फुलाच्या दृष्टीने तो एकच वेल. गच्चीवर दोन कुंड्या आहेत, पण दोन्हींची कलमं एकाच नर्सरीच्या एकाच आईवेलाची, अशी परिस्थिती शहरात भरपूर दिसते. तिथे भुंगे कितीही राबले तरी हाती काही लागत नाही. जांभळा प्रकार याबाबतीत सहसा नरम आहे, घरच्या परागावरही फळ धरतो. म्हणूनच 'माझ्या मेव्हण्याकडे एकाच वेलाला लागली की' असं सांगणारे लोकही खोटं बोलत नसतात.

तेव्हा जोडीला वेल लावायचा तो मादी म्हणून नाही, परक्या घरचा म्हणून. बियांपासून केलेली, वेगवेगळ्या फळांतली दोन-तीन रोपं घेतली तर काम होण्याची शक्यता जास्त.

भुंगा नसेल तर हात आहेत. ब्राझीलमध्ये, जिथे हे फळ जगात सगळ्यात जास्त पिकतं, मोठ्या बागांत दुपारी मजूर ओळीने फिरून हाताने परागीभवन करतात. घरी करायचं तर पिवळ्या प्रकारासाठी दुपारी दोनच्या सुमाराची वेळ बरी, कुक्षी खाली वाकलेल्या असतात. एका वेलाच्या फुलातून बोटाच्या टोकावर किंवा मऊ ब्रशवर पराग घ्यायचा आणि दुसऱ्या वेलाच्या फुलाच्या तिन्ही कुक्षींना लावायचा. तिन्हींना, आणि सढळ हाताने. कारण या फळाचा रस म्हणजे प्रत्येक बीभोवतीची एकेक पिशवी. सटाणा-मालेगावकडच्या डाळिंबासारखंच हे, दाणे जितके तितका रस. पराग कमी पडला तर बिया कमी, बिया कमी तर फळ बाहेरून गुबगुबीत आणि आतून पोकळ. पॅशनफ्रूट हातात घेऊन वजन बघतात ते यासाठीच.

पावसाचाही एक हिशेब आहे. या फुलाचा पराग ओला झाला की फुटतो आणि निकामी होतो. परागीभवन झाल्यावर तास-दोन तास कोरडे मिळाले तरच फायदा. आषाढात दुपारभर रिपरिप चालली असेल तर त्या दिवशीची सगळी फुलं पाण्यात गेली असं समजावं; इगतपुरी-त्र्यंबककडे तर हे फार. उघडीप पडली की तोच वेल अचानक फळं धरतो आणि लोक श्रेय परवाच घातलेल्या खताला देतात.

मांडव आपल्याकडे आहेच

हात देऊन चढणारा वेल कसा वाढवायचा हे नाशिकला शिकवायची गरज नाही. द्राक्षाचा जुना मांडव असो की वाय आकाराचे अँगल, पॅशनफ्रूटचा वेल त्यावर मजेत चढतो. छाटणीचं तत्त्वही ओळखीचं: फुलं नव्या फुटीवरच येतात, म्हणून फळं निघाल्यावर जुन्या फांद्या मागे घेतल्या की नवी फूट आणि नवी फुलं मिळतात. पण द्राक्षाइतकी कडक, खरड छाटणीसारखी छाटणी इथे करू नये. जुन्या जाड लाकडातून याला सहजी फूट येत नाही आणि वेल बसतो.

फरक आणखी एका बाबतीत आहे. लागवडीच्या द्राक्षाचं फूल स्वतःचं स्वतःच भागवतं, त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे द्राक्षवाल्याला भुंग्याकडे बघायची सवयच नसते आणि फवारणीचं वेळापत्रक ठरवताना भुंगा हिशेबात येत नाही. शेजारच्या प्लॉटमध्ये दुपारी ब्लोअर चालला की वेलावरचे भुंगे गायब. बांधावर एखादा वाळका ओंडका, जुन्या मांडवाचे बांबू पडू दिले तर ते घर करतात. काळा, मोठा, गुणगुणणारा म्हणून लोक घाबरतात, पण तो आपण होऊन सहसा चावायला येत नाही.

जमिनीचा प्रश्न मात्र खरा. या वेलाची मुळं वरवर पसरतात, त्यांना सतत थोडी ओल हवी आणि पाणी साचलेलं मुळीच चालत नाही. निफाडच्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबलं की मूळकूज आणि मर येते. आज टवटवीत असलेला वेल आठवड्यात उभा वाळतो. जांभळा प्रकार मर रोगाला जास्त बळी पडतो, पिवळा बराच दणकट, म्हणून अनेक देशांत पिवळ्याच्या खुंटावर जांभळ्याचं कलम करतात. डॉगरिज या रानद्राक्षाच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाचं कलम चढवणाऱ्या माणसाला ही कल्पना समजावून सांगायला नको. साध्या घरगुती लागवडीला गादीवाफा किंवा निचऱ्याची मोठी कुंडी पुरते.

हवामानाच्या बाबतीत नाशिक मध्येच अडकलेलं आहे. उंची साधारण 600 मीटर. जांभळ्याला लागतो तितका गारवा नाही, आणि पिवळ्याला आवडते तशी बारमाही ऊबही नाही. एप्रिल-मेच्या चाळिशीत फुलं गळतात. डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आसपास येतो, वर निफाडची थंडी. पिवळ्या प्रकाराला फुलायला त्याहून मोठा दिवस लागतो, मग तो नुसता बसून राहतो. उरतो तो पावसाळ्याच्या आगेमागेचा काळ. म्हणून एकराने लावून बाजार गाठायचा विचार असेल तर मी तरी आधी दहा वेलांवर अंदाज घ्यायला सांगेन. परसात, गच्चीवर किंवा बांधावर हौसेने लावायला मात्र काहीच हरकत नाही.

पानाच्या देठावरचे दोन ठिपके

पॅशनफ्रूटचं पान उलटं करून देठ बघा. पान जिथे देठाला जोडलं जातं तिथेच खाली दोन बारीक, चकचकीत टेंगळं दिसतील. त्या मधाच्या ग्रंथी आहेत, फुलाशी त्यांचा संबंध नाही. एखादी मुंगी तिथे हमखास तोंड लावून बसलेली असते. वेल मुंग्यांना गोड खाऊ देतो आणि मुंग्या पानं खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. वेलाला मुंग्या लागल्या म्हणून पावडर टाकणारे लोक राखणदारालाच घालवतात.

दक्षिण अमेरिकेत या झटापटीची पुढची पायरी दिसते. तिथली हेलिकोनियस फुलपाखरं फक्त याच वेलांवर अंडी घालतात आणि ज्या पानावर आधीच अंडी आहेत ते टाळतात, कारण आधी निघालेली अळी नंतरच्या अंड्यांना खाऊन टाकते. काही जातींच्या वेलांनी पानांवर पिवळे, अंड्यांसारखे दिसणारे ठिपके तयार केले आहेत. मादी येते, 'इथे जागा भरली' असं समजून पुढे जाते. आपल्याकडे हेलिकोनियस नाहीत, पण टॉनी कॉस्टर नावाचं नारिंगी, संथ उडणारं फुलपाखरू आहे. त्याच्या काटेरी, तांबूस अळ्या कृष्णकमळाची आणि पॅशनफ्रूटची पानं चट्टामट्टा करतात. पक्षी त्यांना सहसा तोंड लावत नाहीत, कारण त्या बेचव आणि विषारी.

विषारी हा शब्द इथे गांभीर्याने घ्यायचा. या वेलांच्या पानांत आणि कच्च्या फळांत अशी संयुगं असतात की पेशी चिरडल्या गेल्या, की त्यांतून हायड्रोजन सायनाइड सुटतं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या कसाव्यातही याच जातीची संयुगं असतात. तिथे प्रक्रियेत ती काढून टाकली जातात. पॅशनफ्रूटमध्ये फळ पिकत जाईल तसं त्यांचं प्रमाण घसरत जातं. म्हणून हिरवं फळ तोडून लोणचं घालण्याचे प्रयोग करू नयेत, आणि पानांचा रस काढून पिण्याचे तर मुळीच नाही.

परंपरेचे उपयोग: कुणाचे, कुठल्या वेलाचे?

पॅशनफ्रूटच्या औषधी उपयोगांवर मराठीत जे फिरतं त्यात मोठा घोळ आहे. एका जातीचा गुण दुसरीच्या नावावर, पानाचा गुण फळाच्या नावावर. वर 'आयुर्वेदात हजारो वर्षांपासून' अशी पुस्ती जोडलेली, जी या वेलांच्या बाबतीत शक्यच नाही.

झोप लागण्यासाठी आणि मन शांत व्हायला जो वेल वापरतात तो पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. चेरोकी लोक त्याचं फळ खात आणि पाला-मुळं औषधात वापरत. पुढे युरोपात त्याच्या वाळवलेल्या पाल्याची औषधं आली आणि आजही मिळतात. युरोपच्या औषध नियामक संस्थेने सौम्य मानसिक ताण आणि झोपेसाठी त्याला 'पारंपरिक वापराचं औषध' म्हणून मान्यता दिली आहे. तिचा आधार मुख्यतः दीर्घ वापर हा आहे, भक्कम चाचण्यांचा पुरावा नव्हे. या औषधाने गुंगी येऊ शकते, म्हणून झोपेच्या गोळ्या चालू असताना किंवा गरोदरपणात ते घेऊ नये. ही झाली मोजून-मापून तयार केलेल्या औषधाची गोष्ट. गेटवरचं कृष्णकमळ त्याच जातीचं आहे का, हेच आपल्याला माहीत नसतं. त्याच्या पानांचा काढा करणं म्हणजे डोळे मिटून औषधाच्या दुकानातली बाटली उचलणं. ब्राझीलमध्ये खायच्या पॅशनफ्रूटचा रसही मन शांत करणारा मानतात. रस पिऊन बरं वाटत असेल तर पिण्यात नुकसान काहीच नाही.

आणखी एक नातेवाईक आपल्या जवळच उगवतो. कोकणात आणि घाटाखालच्या रस्त्यांच्या कडेला कुंपणांवर एक रानटी वेल दिसतो, मराठीत त्याला वेलघाणी म्हणतात, शास्त्रीय नाव पॅसिफ्लोरा फोटिडा. पान चुरगाळलं की उग्र वास येतो. फळ सुपारीएवढं, पिकल्यावर नारिंगी-पिवळं, आणि त्याच्याभोवती हिरव्या तंतूंची जाळीदार पिशवी. ही पिशवी हाताला चिकटते. बारकाईने बघितलं तर तिच्यात चिकटून मेलेले चिलटांसारखे किडे दिसतात. 1995 मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवलं की या जाळीतल्या स्रावात पाचक विकरं असतात. फळाचं रक्षण करताना जमलंच तर किडा पचवायचाही, असा दुहेरी उद्योग. पिकलेलं फळ गोड असतं, गुरांमागे फिरणारी मुलं ते खातात. डोकेदुखी आणि चक्कर यांवर पाला डोक्याला बांधण्याचा वापर भारतात नोंदला गेला आहे. ब्राझीलमध्ये त्वचेच्या दाहावर लेप म्हणून. हे बाहेरून लावायचे वापर आहेत, हे लक्षात घ्यावं. कच्चं फळ इथेही विषारीच.

याच कुळातल्या एका मोठ्या जातीचं, पॅसिफ्लोरा क्वाड्रँग्युलॅरिसचं फळ पपईएवढं होतं आणि काही देशांत त्याच्या कच्च्या गराची भाजी करतात. तो नियम बाकीच्यांना लावू नये, एवढ्यासाठी इथे उल्लेख.

फळ हातात आल्यावर

परागीभवनानंतर साधारण 70 ते 80 दिवसांनी फळ पिकतं आणि आपोआप गळून पडतं. तोडायची घाई करू नये. रोज सकाळी वेलाखाली फेरी मारून पडलेली फळं वेचावीत. जांभळं फळ दोन-चार दिवस ठेवलं की सालीला सुरकुत्या पडतात. बाजारात लोक गुळगुळीत फळ निवडतात आणि सुरकुतलेलं बाजूला टाकतात, खरं तर गोडीला सुरकुतलेलं सरस असतं. साल वाळते, आतला रस तसाच राहतो, आंबटपणा थोडा कमी होतो. बुरशी आणि मऊ डाग तेवढे बघून घ्यावेत.

कापलं की आत केशरी रसाच्या पिशव्या आणि काळ्या बिया. चमच्याने बियांसकट खायचं, बिया कुरकुरीत लागतात. सरबत करायचं तर गर वाटीत काढून रवीने किंवा काट्याने घुसळायचा, बिया सुट्या झाल्या की गाळायचं, साखर, सैंधव आणि गार पाणी. मिक्सर फिरवला की बिया फुटतात आणि सरबतात कडवट चोथा उतरतो. उकळूही नये, वास उडून जातो.

पोषणाबद्दल जाहिराती काहीही सांगोत, आकडे साधे आहेत. 100 ग्रॅम गरात साधारण 97 कॅलरी, 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि बियांसकट जवळपास 10 ग्रॅम तंतू. तंतू खरोखर भरपूर आहेत. क जीवनसत्त्वासाठी मात्र पेरू कितीतरी पुढे आणि खूप स्वस्त. ज्यांना रबराच्या लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यापैकी काहींना हे फळ सोसत नाही, त्यांनी जपून.

त्याचं खरं भांडवल वास हेच. तो येतो गंधकयुक्त संयुगांमुळे, जी फळात अगदी अत्यल्प असतात पण नाकाला लगेच कळतात. त्यातलंच एक महत्त्वाचं संयुग सॉव्हिन्याँ ब्लाँ या द्राक्षाच्या वाइनमध्येही सापडतं. नाशिकच्या वाइनरीत चव बघायला गेल्यावर ग्लास पुढे करणारा मुलगा "सर, यात पॅशनफ्रूटचा वास येतोय ना?" असं विचारतो, तेव्हा ती नुसती विक्रीची भाषा नसते. वाइनमध्ये फळ घातलेलं नसतं, संयुग तेच असतं. द्राक्षात ते बांधलेल्या, वास नसलेल्या रूपात असतं आणि रस आंबताना यीस्ट त्याला मोकळं करतं. पॅशनफ्रूट हेच काम आंबवल्याशिवाय करतं.

एकदम खूप फळं आली तर गर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवावा. महिनोन्‌महिने टिकतो, आणि वास फारसा उतरत नाही.